बारावीनंतर कॉलेजं प्रत्यक्ष बघायला जावं का? आणि बापाने बरोबर जावं का?

तिठ्यावरचा

मंडळी, घरात वाद पेटलाय, निवाडा इथे मागतोय.

लेकीची बारावी झाली. पीसीएमबी होतं, सीईटीचे दोन्ही ग्रुप दिलेत. गुण फार वर नाहीत नि पडेलही नाहीत, म्हणजे पर्याय भरताना डोकं चालवावं लागेल असे. तिच्या मनात पहिलं आहे रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. दुसरं दापोली, पण तिथे वनशास्त्र की उद्यानविद्या हे ठरत नाही. तिच्या आईच्या मनात रायगडातलं लोणेरे, केमिकल इंजिनीअरिंग. माझ्या मनात काय आहे हे अजून कोणी विचारलेलं नाही.

लेक म्हणते, फॉर्म भरण्याआधी तिन्ही ठिकाणं डोळ्यांनी बघायची. आई म्हणते, "कॉलेज काय बघायचंय? स्थळ आहे का? कटऑफ बघा नि भरा." आमचे तीर्थरूप म्हणतात लावणी तोंडावर आलीय, गडीमाणसांकडे कोण बघणार.

आम्ही राजापूर तालुक्यातले. आधी शिरगाव, मग जयगड-तवसाळ फेरीबोटीने गुहागर, पुढे धोपावे-दाभोळ करून दापोली, मंडणगड-म्हाप्रळ-आंबेतवरून लोणेरे आणि येताना हायवेने सरळ खाली, असा बेत तिने आखून ठेवलाय. गाडी जुनी आहे पण चालते.

तर खरंच बघून काही कळतं का? बघायचं तर काय बघायचं? आणि मी जावं की तिला मैत्रिणींबरोबर पाठवून गप घरी बसावं?

काजूगर

पहिला! रुमाल टाकून ठेवतो.

बाकी दोन-दोन फेरीबोटी घातलेला हा मार्ग बघता पोरीला कॉलेज बघायचंय की समुद्र, याचा तपास आधी करा. (दिवे घ्या.)

दादर_टीटी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बघून काहीही होत नाही. प्रवेश गुणांवर, कॅप राउंडमध्ये (राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीत) मिळतो. समजा तुम्हाला इमारत आवडली आणि नंबर लागला नाही, तर? किंवा इमारत आवडली नाही आणि तिथेच लागला, तर? पोरगी रडत जाणार. त्यापेक्षा न बघितलेलं बरं.

आणि मुळात कोकणात कशाला? मी सावंतवाडीहून दहावी झाल्यावर जो निघालो तो आजतागायत. मुंबई-पुण्याला टाका, आयुष्य बदलेल.

मिऱ्याबंदर

दादर_टीटी, तुम्ही निघालात म्हणून सगळ्यांनी निघायलाच हवं का? बरं, तिला मत्स्यशास्त्र करायचंय, तर ते पुण्याच्या कुठल्या खाडीत करायचं?

धागाकर्ते, मी शिरगावचाच माजी विद्यार्थी, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

कॉलेज १९८१ चं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली. बी.एफ.एस्सी. चार वर्षांचं. राज्यात हाच अभ्यासक्रम नागपूरला आणि उदगीरला आहे, तिथून समुद्र किती लांब हे वेगळं सांगायला नको. म्हणून समुद्रातल्या मासेमारीत रस असेल तर शिरगाव. गोड्या पाण्यातलं मत्स्यपालन करायचं असेल तर त्या दोघांनाही नावं ठेवू नका.

बघायचं काय? वास. हसू नका. आमच्या बॅचला पहिल्या काही प्रॅक्टिकलांत फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे. बरण्यांतले मासे बघायला छान वाटतात, पण ते बाहेर काढून, परांचे काटे मोजून, कल्ले उघडून वहीत आकृती काढायची असते. आणि ती वही घरी नेली की घरचे ती पडवीत ठेवायला लावतात. माशाचा वास म्हणजे रविवारचं कालवण एवढीच ओळख असलेली मुलं तिथे टिकतात, पण कुरकुरत. तिला प्रयोगशाळेच्या दारात पाच मिनिटं उभी करा, चेहरा सगळं सांगेल.

मिरकरवाडा बंदरावर न्या असं एरवी सांगितलं असतं, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. आत्ता बोटी वर ओढलेल्या आणि जाळी दुरुस्त करणारी माणसं तेवढी दिसतील. तीही बघण्यासारखी आहेत म्हणा. त्याऐवजी रत्नागिरीतच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे तिथे.

पुढचं विचारणार म्हणून सांगून ठेवतो. मत्स्यव्यवसाय खातं, कोळंबी हॅचरी, निर्यातीचे प्रक्रिया कारखाने, बँकांमधली कृषी अधिकाऱ्याची भरती (त्यात मत्स्य पदवी चालते), आणि शिकायचंच असेल तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. पगार पहिल्याच वर्षी डोळे दिपवणारा नसतो, हेही आत्ताच ऐकून ठेवा.

काजूगर

"वास बघा." कॉलेज निवडीचा इतका प्रामाणिक निकष मी आजवर वाचला नव्हता.

एसटीवाली

गाडीवाल्यांचं ठीक आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं तेही लिहिते.

मी देवरुखकडची. मुलगी दहावीनंतर डिप्लोमाला जाणार होती, रत्नागिरीचं शासकीय तंत्रनिकेतन तिच्या डोक्यात होतं. आमच्याकडे दुचाकीसुद्धा नाही. एसटीने गेलो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे दोघी मिळून एका तिकिटात. तेव्हा "फिरायला पैसे लागतात" हे कारण निदान आई-मुलीच्या जोडीला नको. लेकाला न्यायचं तर त्याचं पूर्ण पडतं, त्याला इलाज नाही.

एसटीने जाण्याचा एक फायदा गाडीवाल्यांना मिळत नाही. जी बस ती रोज पकडणार, त्याच बसने तुम्ही जाता. स्टँडवर किती वेळ ताटकळावं लागतं, फाट्यावर उतरल्यावर किती चालायचं, त्या वाटेवर दुकानं-घरं आहेत की नुसतं रान, पावसात तिथे थांबायला शेड आहे का, हे सगळं अंगावर येतं. मी शिक्षकांना काहीच विचारलं नाही, मला ते कळतही नाही. कंडक्टरला विचारलं, शेवटची गाडी किती वाजता आणि ती खरंच येते का. तो म्हणाला, "वेळापत्रकात आहे." त्याच्या तोंडावरून मला काय समजायचं ते समजलं. मग मुलीला तिथे ठेवायची तर वसतिगृहातच, हे त्या फाट्यावर ठरलं.

तिठ्यावरचा

एसटीवाली ताई, शेवटच्या गाडीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टिपून घेतलंय.

मिऱ्याबंदर, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. "वहीचा वास" ऐकून तिचा उत्साह वाढला. आईचा होता तोही गेला.

गजालीकार

आमच्या चेडवाक घेवन मी ओरोसाक गेललंय, मेडिकल कॉलेज बघूक. थय गेटार शिपायाक इचारलंय, "तू खयचो?" तो निघालो आमच्या वाडीतल्याच्या मावशीचो झील. मगे काय, चाय इली, भजी इली, गजाली रंगल्यो. चेडू तासभर भायर पावसात छत्री घेवन उभा. घराक येवन आवशीक सांगता, "बाबांका ॲडमिशन मिळाली. माझा काय ता माका म्हायत नाय."

मिऱ्याबंदर

हहपुवा (हसून हसून पुरती वाट). गजालीकार, हा प्रतिसाद प्रिंट काढून प्रत्येक बापाच्या डॅशबोर्डवर चिकटवायला हवा.

बॅकबेंचर_०७

मी बहुतेक इथली सगळ्यात लहान सभासद. गेल्या वर्षी या चक्रातून गेले, म्हणून "बापाने जावं का" याचं उत्तर देते.

जावं. पण तोंड गाडीत ठेवून जावं.

आमच्याकडे काय झालं सांगते. सर मला विचारायचे, "कुठला विषय आवडतो?" आणि पप्पा उत्तर द्यायचे. तेही चुकीचं! मला गणित आवडतं असं त्यांना सातवीपासून वाटतंय. नंतर एका कॉलेजात (नाव नको) चकचकीत हॉलमध्ये बसवून व्हिडिओ दाखवला, कोल्ड्रिंक दिलं, आणि पप्पा एवढे खूश की बाहेर पडताना मला म्हणाले, "ठरलं मग." मी तोवर वॉशरूम बघून आले होते. नळाला पाणी नव्हतं आणि दाराला कडी नव्हती. मी म्हटलं, "ठरलं, इथे नाही."

मग पुढच्या कॉलेजात करार केला. आत गेल्यावर पप्पांनी कँटीनला बसायचं, मी एकटी फिरायचं, आणि तासाभराने भेटून दोघांनी काय काय बघितलं ते सांगायचं. गंमत म्हणजे कँटीनमध्ये बसून त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं. शेजारच्या टेबलवरची मुलं सबमिशन, केटी, कोणाचे तास होतच नाहीत, सगळं मोठ्याने बोलत होती.

आणि हो, सीईटीच्या लॉगिनचा पासवर्ड मुलांना माहीत असू द्या. माझ्या मैत्रिणीच्या काकांनी परस्पर पर्यायांचा क्रम बदलला होता. तिला लिस्ट लागल्यावर कळलं.

दादर_टीटी

बॅकबेंचर, प्रतिसाद आवडला. पण तुम्ही म्हणता ते माझ्याच मुद्द्याला धरून आहे. व्हिडिओ, कोल्ड्रिंक, चकचकीत हॉल. बघायला गेलेला माणूस भुलतो. कटऑफ भुलत नाही.

फळा_पुसणारा

मी कोकणातल्याच एका कॉलेजात शिकवतो, कुठल्या ते राहू दे. दादर_टीटी यांच्याशी निम्मा सहमत. कटऑफ खोटं बोलत नाही, पण तो गेल्या वर्षीच्या मुलांनी काय निवडलं एवढंच सांगतो. त्या मुलांनी कशावरून निवडलं? त्याच्या आदल्या वर्षीच्या कटऑफवरून.

आतल्या माणसाच्या नजरेने थोडं सांगतो. प्रवेशाच्या धामधुमीत आलात तर मदतकक्षात आम्ही सगळे हसतमुखच असतो. शक्यतो वरच्या वर्गांचे तास सुरू असताना, सोडून सोमवार ते शुक्रवार कधीही या आणि सरळ विभागात जा. आवर्जून विचारण्यासारखा प्रश्न: "या विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती?" हा प्रश्न पालक कधीच विचारत नाहीत. तासिका तत्त्वावरची मंडळी वाईट शिकवतात असं बिलकुल नाही, मीही कैक वर्षं तशीच काढली. पण तो माणूस मार्चमध्ये असेल का, हे त्यालाही माहीत नसतं. प्रोजेक्टला मार्गदर्शक कोण, या प्रश्नाचं उत्तर त्यावर अवलंबून असतं.

दुसरं, प्रयोगशाळेतली यंत्रं बघताना त्यावरचं प्लॅस्टिक काढलंय का ते बघा. खरंच सांगतो. आणि उपकरणाशेजारी वापराची नोंदवही लटकवलेली असते, तिची शेवटची तारीख वाचा.

लोणेऱ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ चं, मूळ कॅम्पस हायवेलगत लोणेऱ्याला. पण आता राज्यभरातली बरीच कॉलेजं या विद्यापीठाला संलग्न आहेत. कोणी "डीबाटूचं कॉलेज" (डीबाटू हे याच विद्यापीठाचं इंग्रजी लघुनाव) म्हणालं की ते लोणेरेच असेल असं नाही. पर्याय भरताना चॉईस कोड वाचा, नाव वाचून टिचकी मारू नका. कोकणातली मुलं लोणेरे समजून भलतीकडे अडकलेली मी पाहिली आहेत.

काजूगर

"सोडून सोमवार ते शुक्रवार"? सर, फळा नीट पुसला गेलेला नाही.

फळा_पुसणारा

"शनिवार-रविवार सोडून" असं वाचावं. तासिका तत्त्वावरचं टायपिंग.

नाना_वाशिष्ठी

आजकालच्या पालकांचं कौतुक वाटतं. गाडी, फेरीबोट, नकाशा. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर चालत साताऱ्याला गेले होते, कुंभार्ली घाट चढून. बरोबर ना आई, ना बाप. आणि तिथे पोचल्यावर वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. तसेच परत आले. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहेच.

एसटीवाली

नाना, म्हणजे डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला तेव्हाही परतच पाठवायचे.

बॅकबेंचर_०७

+१००. आणि तेव्हा "ग्रीव्हन्स पिरियड" पण नव्हता.

नाना_वाशिष्ठी

चालू द्या. मुद्दा असा की स्वतःच्या पायांनी गेलेला मुलगा परत येऊन पुन्हा उभा राहिला. आता बाप कँटीनमध्ये बसून कानोसा घेतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात.

रानफुल

नाना, ते चालत गेले कारण दुसरा उपाय नव्हता. मुलांना एकटं सोडण्याचं तत्त्वज्ञान त्यातून काढू नका. माझ्या बाबांनी मला असंच "धीट हो" म्हणून एकटीला लांबच्या कॉलेजला पाठवलं. हॉस्टेलची खोली मी राहायला गेले त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. खिडकीला काच नव्हती, पुठ्ठा लावलेला. जुलै महिना. पहिली रात्र गादी भिंतीपासून ओढून मध्यात घेऊन काढली. धीट झाले की नाही माहीत नाही, सर्दी मात्र दिवाळीपर्यंत होती.

म्हणून तिठ्यावरचा यांना एकच सांगेन. पावसात जाताय ते उत्तम. मे महिन्यात कोकणातलं कुठलंही हॉस्टेल चांगलंच दिसतं. जुलैत व्हरांड्यातल्या दोरीवर बघा. जीन्स वाळतेय की नुसती लोंबतेय? भिंतीला वरून ओल आलीय की खालून? कपाट उघडलं की बुरशीचा वास येतो का? मोबाइलला रेंज खोलीत येते की गच्चीवर जावं लागतं? मुलींना हे सांगावं लागत नाही, बाबांना सांगावं लागतं.

दादर_टीटी

या धाग्यावर कॉलेजबद्दल सोडून वास, बुरशी, नळ, एसटी सगळ्यावर चर्चा झाली. शिक्षणाचं कोणी बोलणार का?

रानफुल

चार वर्षं त्या बुरशीतच शिकायचं असतं हो.

कुणकेश्वरी

थोडं विषयांतर. माझा लेक चित्रं काढतो. सावर्ड्याचं सह्याद्री कला महाविद्यालय बघून आलो. मुलाच्या बाबांचा चेहरा जाताना "कलेने पोट भरतं का" असा होता. तिथे मुलं पावसातच छपराखाली बसून समोरच्या झाडाचं जलरंगात काम करत होती. हे एका मुलाच्या मागे उभे राहिले ते हलेचनात. तो मुलगा ओल्या कागदावर आधी नुसता फिकट राखाडी रंग पसरवायचा, मग तो सुकायच्या आत गडद हिरवा सोडायचा, तो आपोआप फुटून पानं व्हायची. घरी येताना गाडीत हेच बोलत होते, मुलगा गप्प. पोट भरतं का हा प्रश्न अजून आहेच, पण आता निदान चिडून विचारत नाहीत.

काजूगर

कुणकेश्वरी ताई, याला विषयांतर म्हणत नाहीत. नानांच्या घाटाला म्हणतात.

विंचू_खाडी

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट महत्त्वाची: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. "कॅपची वाट कशाला बघता, आत्ताच सीट धरून ठेवतो" म्हणणारे महाभाग या दिवसांत चहाच्या टपरीपर्यंत पोचलेले असतात, त्यांच्या नादी लागून कॅपबाहेर प्रवेश घेतला की ही सवलत गेली. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो वेगळा धरा. तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा मेसचं बिल महिन्याला किती पडतं ते मेसमधल्या मुलांना विचारा. माहितीपत्रकातला आकडा आणि मुलांनी सांगितलेला आकडा यांची भेट क्वचितच होते.

आंबेतवरून जाणार असाल तर पुलावरून सध्या कुठली वाहनं सोडतात ते मंडणगडला विचारून मगच पुढे जा.

काजूगर

धागा वर काढतोय. तिठ्यावरचा, गेलात का? की लावणीत अडकलात?

तिठ्यावरचा

जाऊन आलो! उशिराबद्दल क्षमस्व, आल्या आल्या चिखलात उतरावं लागलं.

पहिली बातमी: निघायच्या सकाळी तिची आई डबा घेऊन गाडीत येऊन बसली. "तुम्हा दोघांना काही विचारता येत नाही" एवढंच म्हणाली. लेक पुढच्या सीटवर, आई मागे, मी चालक. बॅकबेंचरचा करार वाचून दाखवला होता, तो तिघांवर लागू झाला.

शिरगाव. लेक प्रयोगशाळेत गेली ती बाहेर येईना. मी दारातून बघत होतो. बरणीवरचं शास्त्रीय नाव वाचायची, मग मागे वळून शेजारच्या मुलीला मालवणी नाव विचारायची. ती तिसऱ्या वर्षाची निघाली. "बोटीवर मुलींनाही नेतात का?" हा लेकीचा पहिला प्रश्न. "नेतात. उलट्या सगळ्यांनाच होतात, मुलगे जास्त करतात," हे उत्तर. तिथेच आमचं पहिल्या पसंतीचं काम झालं. वासाचं म्हणाल तर मलाच बाहेर यावं लागलं.

जयगडच्या फेरीबोटीवर पाऊस असा आडवा आला की समोरचं तवसाळ दिसेना. गाडीत बसून डब्यातली थालीपीठं खाल्ली. आईने तिथे पहिल्यांदा विचारलं, "मासळीचं शिकून ही करणार काय?" लेकीने मिऱ्याबंदर यांनी लिहिलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, वर बँकेच्या परीक्षेचा अभ्यासक्रमही सांगितला. तो तिने कधी वाचला मला ठाऊक नाही. मी कराराप्रमाणे गप्प.

दापोलीत वेगळंच झालं. विद्यापीठ १९७२ चं, आवार एवढं मोठं की कुठून सुरू करायचं कळत नाही. आम्ही रोपवाटिकेपाशी थांबलो. तिथे एक मावशी कोय कलमं बांधत होत्या. कोयीतून नुकतं उगवलेलं, तांबूस कोवळ्या पानांचं रोप, त्याचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळली. सगळं मिळून आपण पानाला चुना लावू तेवढ्या वेळात. लेकीने सुरी मागितली. मावशींनी आधी तिच्या बोटांकडे बघितलं, मग दिली. तिची पहिली काडी चिरली, दुसरी जिरली असावी, कारण मावशी "हां" म्हणाल्या. तिथून उद्यानविद्या वर आलं, वनशास्त्र खाली गेलं. रत्ना हा आंबा नीलम आणि हापूसच्या संकरातून विद्यापीठानेच काढला, हे मला माहीत होतं, ते सांगायला मी तोंड उघडलं तर दोघींनी माझ्याकडे बघितलं.

लोणेरे. इथे आईसाहेब पुढे. फळा_पुसणारा सरांचा कायम-तासिका प्रश्न त्यांनीच विचारला, समोरचे सर चमकले, पण नीट आकडे सांगितले. मग विचारलं, "संध्याकाळी सातनंतर मुली कुठे असतात?" वाचनालय, वसतिगृह, वेळा, सगळं समजून घेतलं. नोंदवही लेकीने बघितली. तारीख आदल्या आठवड्यातली होती. दोघींचं मत चांगलं झालं. लेक म्हणाली, "इथे मी शिकेन. पण शिरगावला मला जायचंय." आई काही बोलली नाही. महाडच्या पुढे आल्यावर म्हणाली, "वसतिगृहाचं शिरगावला कोणी बघितलं?" कोणीच बघितलं नव्हतं. मी मासे नि लेक बरण्या बघत होतो. म्हणून परतताना रत्नागिरीत पुन्हा वळलो, आणि रानफुल ताईंची दोरी, ओल, रेंज, सगळं आईनेच तपासलं. रेंज खोलीत येते.

रानफुल

दोरीवरची जीन्स?

तिठ्यावरचा

लोंबत होती. पण तशी ती आमच्या पडवीतही लोंबतेय.

दादर_टीटी

मान्य. कलमाचा आणि बोटीचा किस्सा कटऑफमध्ये सापडला नसता. तरी माझं म्हणणं शिल्लक आहेच: शिरगाव मिळालं नाही तर?

फळा_पुसणारा

मिळालं नाही तर दुसऱ्या पसंतीला काय आहे हे तिला आता माहीत आहे, आणि ते तिने स्वतः लिहिलंय. फक्त एक लक्षात ठेवा. कृषी-मत्स्य आणि अभियांत्रिकी यांच्या प्रवेश फेऱ्या वेगवेगळ्या चालतात, तारखा एकमेकींवर येतात. एकीकडे पहिल्या पसंतीचं लागलं की बहुतेक ठिकाणी जागा आपोआप गोठते. तेव्हा अभियांत्रिकीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर केवळ आईचं मन राखायला काही टाकू नका. दोन्ही माहितीपुस्तिका शेजारी ठेवून कॅलेंडरवर खुणा करा. पैसे भरायची शेवटची तारीख लाल शाईने.

बॅकबेंचर_०७

काका, ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

तिठ्यावरचा

माझ्या. पण घरात रेंज नाही, त्यासाठी तिठ्यावरच यावं लागतं, म्हणून तर हा आयडी. पासवर्ड तिच्याकडे आहे. ती घरून ओरडते, मी तिठ्यावरून आकडे ओरडून सांगतो. अर्ध्या वाडीला आमचा ओटीपी ठाऊक असतो.

गजालीकार

म्हंजे आता वाडीच पर्याय भरतली!

एसटीवाली

नॉन क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस जे काय लागू असेल त्याची मुदत तपासा आधी. जुनं असेल तर सेतूत आत्ताच अर्ज टाका, शेवटच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आमच्या वेळी पावती मिळाली होती पण मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत लागतोच.

तिठ्यावरचा

ताई, उद्याच जातो. आभार.

माडबन_कडचा

नवीन सभासद. धागा पूर्ण वाचला. पुढच्या आठवड्यात लेकाला घेऊन दापोलीला जायचं आहे, आम्ही पण दक्षिणेकडून येणार. पावसात फेरीबोट गाडीसकट चालते का? की हायवेने खेडवरून जावं?

तिठ्यावरचा

आम्हाला दोन्ही मिळाल्या. पण वारा फार असेल तर थांबवतात, त्यामुळे निघण्याआधी धक्क्यावर फोन करून खात्री करा. दापोलीत वेळेवर पोचायचं असेल तर जाताना खेडवरून जा नि फेरीबोट येतानाला ठेवा. आणि गाडीत थोडी जागा मोकळी ठेवा. आम्ही कोकण अमृताचं कोकम आणि कोकण बहाडोलीचं जांभूळ घेतलं, लोणेऱ्यापर्यंत आईसाहेबांच्या मांडीवर कलमं होती.